पुराना पूल आणि भागमतीची कथा : एका परंपरेची परीक्षा

(१)

हैदराबादेस मुसी नदीवर जो जुना दगडी पूल आहे त्यास तेथील लोक ‘पुराना पूल’ असें म्हणतात. गोवळकोंड्याचा सुलतान इब्राहीम कुत्बशहा याच्या कारकीर्दींत, हिजरी ९८६ म्हणजे इ. स. १५७८ सालीं, तो बांधला गेला असें इतिहासकार एकमुखानें सांगतात. त्या सालीं हैदराबाद शहर अस्तित्वांत नव्हतें. शहराचा पाया आणि चारमिनारची उभारणी ही हिजरी १००० म्हणजे इ. स. १५९१-९२ मधील गोष्ट आहे. चारमिनारचा काल दाखविण्यासाठीं ‘या हाफिज’ हीं अक्षरें सांगतात. त्यांची अबजद पद्धतीनें बेरीज करून पाहिली तर ११ आणि ९८९ मिळून बरोबर १००० येते. तेव्हां पूल हा शहराहून तेरा वर्षांनीं वडील आहे, ही गोष्ट वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी.

या पुलाविषयीं जी कथा सर्वतोमुखीं आहे ती थोडक्यांत अशी : इब्राहीमशहाचा पुत्र महंमद कुली हा नदीपलीकडील चिचलम गांवच्या भागमती नांवाच्या नर्तकीवर अनुरक्त झाला. किल्ल्यांतून निघून नदी उतरून तो तिच्या भेटीस जात असे. एके दिवशीं मुसीस मोठा पूर आला असतां त्यानें घोडा पाण्यांत घातला आणि जिवावरच्या प्रसंगांतून पैलतीर गांठलें. हें वर्तमान बापाच्या कानीं गेलें. तेव्हां पुत्र पुन्हा असें साहस करील या भीतीनें त्यानें नदीवर पूल बांधविला. पुढें महंमद कुली तख्तावर आला, त्यानें भागमतीशीं लग्न केलें, तिच्या गांवाच्या जागीं शहर वसवून त्यास भागनगर नांव दिलें, आणि तिला हैदरमहल ही पदवी मिळाल्यावर शहराचेंही हैदराबाद झालें.

कथा मोठी गोड आहे. वाटाड्यांच्या तोंडीं, प्रवासवर्णनांत, आणि इतिहास म्हणविणाऱ्या कित्येक पुस्तकांतही ती सुखेनैव नांदत आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं व पुढें १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत असल्यामुळें ती मराठी घरांतही येऊन राहिली आहे. परंतु कथेची गोडी हा तिच्या खरेपणाचा पुरावा नव्हे. शिवाय या कथेंत तीन निरनिराळे प्रश्न एका दोरींत ओंवलेले आहेत : पूल कशासाठीं बांधला, भागमती नांवाची स्त्री होऊन गेली कीं नाहीं, आणि भागनगर हें नांव तिच्यावरून पडलें कीं काय. आजवरच्या चर्चेचा मोठा दोष हा कीं, कथेच्या अभिमान्यांनीं एक खरें धरून तिन्ही खरीं मानलीं, व विरोधकांनीं एक खोटें ठरतांच तिन्ही खोटीं ठरविलीं. डॉ. मोहिउद्दीन कादरी जोर व अलीकडे नरेंद्र लूथर हे पहिल्या पक्षाचे, प्रा. हारून खान शेरवानी हे दुसऱ्या पक्षाचे अग्रणी. दोन्ही पक्षांचा व्यासंग आदरास पात्र आहे. तथापि दोरी सोडवून प्रत्येक मणी वेगळा पारखणें हेंच संशोधकाचें काम होय, आणि तेंच येथें करावयाचें आहे.

(२)

प्रथम कालाची कसोटी लावूं. महंमद कुलीचा जन्म १५६५-६६ मधील. बाप १५८० च्या जून महिन्यांत वारला तेव्हां तो चौदा-पंधरा वर्षांचा असतां तख्तावर बसला. म्हणजे १५७८ सालीं, पूल बांधून झाला त्या वेळीं, त्याचें वय बारा-तेरा वर्षांचें होतें. आतां हा पूल म्हणजे ओढ्यावर टाकलेली फरशी नव्हे. त्याची लांबी सुमारें ६०० फूट, रुंदी ३५ फूट आणि नदीच्या तळापासून उंची ५४ फूट अशीं मापें छापलेलीं आहेत. कमानींची संख्या कोठें २२ तर कोठें २३ दिली आहे. नदीच्या पात्रांत पाये घालावयाचे ते उन्हाळ्याच्या चार महिन्यांतच घालतां येतात, आणि पावसाळा आला कीं काम थांबतें. इतकें काम एका मोसमांत होणें शक्य नाहीं. दोन-तीन वर्षें धरलीं तरी कामाचा आरंभ राजपुत्राच्या दहाव्या-अकराव्या वर्षीं मानावा लागतो. आणि प्रेमाचा आरंभ अर्थातच त्याच्याही पूर्वीं. नऊ-दहा वर्षांचें मूल रात्रीं किल्ल्याबाहेर पडून नर्तकीच्या भेटीसाठीं पुरांत घोडा घालतें, असें मानण्यास ज्याची तयारी असेल त्यानें खुशाल मानावें.

कथेचे अभिमानी यावर असें म्हणतात कीं, त्या काळीं राजपुत्र लवकर वयांत येत. असें समजून चालूं. तरी दुसरी अडचण याहून मोठी आहे, आणि ती खुद्द कथेच्या मुख्य साक्षीदारानें उत्पन्न केली आहे. भागमतीविषयीं ज्याचा आधार सर्व जण देतात तो फेरिस्ता स्पष्ट सांगतो कीं, सुलतान तिच्यावर आसक्त झाला तो आपल्या राज्याच्या आरंभीच्या काळांत. राज्याचा आरंभ १५८० सालीं; पूल त्याच्या आधीं दोन वर्षें उभा. फेरिस्ता प्रमाण मानला तर क्रम असा लागतो : पूल, तख्त, प्रेम, शहर. कथेचा क्रम आहे : प्रेम, पूल, तख्त, शहर. म्हणजे फेरिस्त्याच्या साक्षीवर भागमती उभी करावयाची, आणि त्याच साक्षीतला काल सोडून देऊन तिला पुलाशीं जोडावयाचें, असा हा व्यवहार आहे. साक्षीदार एकच ठेवून त्याचें अर्धें वाक्य घेणें व अर्धें टाकणें ही रीत न्यायाच्या कचेरींत चालत नाहीं. इतिहासांतही चालूं नये.

येथें फेरिस्ता वाचणारांसाठीं एक सूचना करणें अवश्य वाटतें. आपल्याकडे बहुतेक जण फेरिस्ता वाचतात तो ब्रिग्जच्या १८२९ सालच्या इंग्रजी भाषांतरांतून. परंतु फेरिस्त्याच्या मूळ ग्रंथांत गोवळकोंड्याचें प्रकरण त्रोटक आहे, म्हणून ब्रिग्जनें तेथें एका अनामिक लेखकाच्या कुत्बशाही तवारिखेवरून मजकूर घातला आहे. त्यामुळें गोवळकोंड्यासंबंधीं ‘फेरिस्ता म्हणतो’ असें लिहून प्रत्यक्षांत त्या अनामिकाचें वाक्य उतरविण्याची चूक सहज होते. कोणतें वाक्य कोणाचें हें पाहिल्याखेरीज त्यावर भिंत चढवूं नये.

(३)

आतां दुसरा प्रश्न : भागमती होती कीं नाहीं? याचा निकाल पहिल्या प्रश्नाइतका सोपा नाहीं.

तिच्या बाजूनें तीन जुनी प्रमाणें आहेत. अकबराचा विश्वासू कवि फैजी हा १५९१ सालीं दक्षिणेंत वकिलीवर आला. त्यानें बादशहास जीं वृत्तें पाठविलीं त्यांत भागमतीचा व तिच्या नांवानें वसलेल्या शहराचा उल्लेख आहे. अकबराच्याच दरबारांतील निजामुद्दीन अहमद यानें आपल्या ‘तबकात-इ-अकबरी’ या ग्रंथांत, जो सुमारें १५९३-९४ मध्यें झाला, तीच गोष्ट नमूद केली आहे. तिसरा फेरिस्ता, तो १५८९ सालीं विजापुरास आला आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथें लिहीत होता. शहराचा पाया पडून तीन-चार वर्षें होतात न होतात तोंच ही गोष्ट मोंगल दरबारापर्यंत पोंचली होती, ही गोष्ट हलकी मानतां येत नाहीं. भागमती ही कोणा उत्तरकालीन शाहिराची कल्पना, असें म्हणणें या तीन साक्षींपुढें टिकत नाहीं.

परंतु या साक्षींचें वजनही करून पाहिलें पाहिजे. तिघेही परके. फैजीचें काम खानदेश व अहमदनगर येथें होतें. गोवळकोंड्यास बादशहानें निराळा वकील पाठविला होता. तेव्हां फैजीनें लिहिलें तें ऐकीव. निजामुद्दीन उत्तरेंत बसलेला. फेरिस्ता शेजारच्या दरबारचा आश्रित. शेजारच्या सुलतानानें एका नायकिणीच्या नांवानें राजधानी वसविली, ही बातमी परदरबारीं किती आवडीनें सांगितली व ऐकली जात असेल हें पेशवाईंतील वकिलांच्या पत्रांचा ज्यांस परिचय आहे त्यांस सांगावयास नको. तीन ग्रंथांत एकच गोष्ट आढळली म्हणजे तीन साक्षीदार झाले असेंही होत नाहीं. एकच बाजारगप तीन कानीं गेली असेल तर साक्षीदार एकच. निजामुद्दीन व फेरिस्ता यांचा मजकूर एकमेकांशीं जुळतो, आणि फेरिस्त्यानें निजामुद्दीनाचा ग्रंथ वापरला आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे तीनाचे दोन होतात.

(४)

विरुद्ध पक्षाचा मुख्य आधार मौनाचा आहे. खुद्द गोवळकोंड्यांत, महंमद कुलीच्या मागून आलेल्या सुलतान महंमद कुत्बशहाच्या वेळीं, हिजरी १०२६ च्या सुमारास कुत्बशाही घराण्याची जी तवारीख रचली गेली तींत भागमतीचें नांव नाहीं. महंमद कुलीच्या दखनी कवितेचा संग्रह याच वारसानें हिजरी १०२५ मध्यें सिद्ध करविला. त्यांत नन्ही, सांवली, गोरी, छबीली, लाला, मुश्तरी, हैदरमहल इत्यादि बारा प्रियांवर कविता आहेत, पण भागमती या नांवाची कविता नाहीं. गोवळकोंड्याजवळ कुत्बशाही घराण्याचीं थडगीं आहेत. त्यांत भागमतीचें म्हणून एकही नाहीं. उलट प्रेममती व तारामती या नर्तकींचीं थडगीं तेथें आहेत. म्हणजे नर्तकीस राजघराण्याच्या स्मशानांत जागा देण्यास त्या दरबाराची हरकत नव्हती. शेरवानींच्या पक्षांत हा शेवटचा मुद्दा सर्वांत बळकट दिसतो.

तरी मौनाचा पुरावा घेण्याची एक अट आहे. जो बोलला नाहीं त्यास बोलण्याचें कारण असून अडथळा कांहीं नव्हता, असें दाखविलें तरच त्याचें मौन पुराव्यांत घेतां येतें. तवारीख लिहिणाऱ्याचा धनी सुलतान महंमद हा महंमद कुलीचा पुतण्या, व त्याची एकुलती एक मुलगी हयातबक्षी बेगम हिचा नवरा. कथा तर हयातबक्षीस भागमतीचीच मुलगी म्हणते. कथा खरी असेल तर त्या लेखकानें धन्याच्या सासूस नर्तकी म्हणून लिहावें अशी अपेक्षा आपण करीत आहों! आश्रित बखरकार अशा ठिकाणीं काय करतो हें मराठी बखरी वाचणारास चांगलें ठाऊक आहे. तेव्हां तवारिखेच्या मौनाची किंमत निम्म्यानें उतरते. कवितासंग्रहाचेंही तसेंच. हैदरमहल नांवाची एक प्रिया त्यांत आहेच. ती आणि भागमती एकच असें जोर मानीत. हें सिद्ध झालेलें नाहीं, पण अशक्यही नाहीं.

सारांश, या दुसऱ्या प्रश्नावर आमचें मत असें आहे कीं, महंमद कुलीच्या आरंभीच्या काळांत भागमती नांवाची त्याची मर्जीतील स्त्री असणें संभवनीय आहे. ती राणी झाली, हैदरमहल झाली, हयातबक्षीची आई झाली, या गोष्टींस पुरेसा आधार नाहीं. संभवनीय आणि सिद्ध या दोहोंमध्यें जी रेषा आहे ती दोन्ही पक्षांनीं पुसली, हेंच आमचें गाऱ्हाणें.

(५)

तिसरा प्रश्न नांवाचा, आणि येथें मराठी कागदांस कांहीं सांगावयाचें आहे. शेरवानींचें म्हणणें असें कीं, शहराचें नांव मुळांत ‘बागनगर’, म्हणजे बागांचें शहर; त्याचें ‘भागनगर’ झालें आणि मग त्या नांवासाठीं भागमती निर्माण झाली. युरोपीय प्रवाशांचा त्यांस पाठिंबा दिसतो. टॅव्हर्निये व थेवनो हे सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रवासी ‘बागनगर’ अशाच उच्चाराचें नांव लिहितात. टॅव्हर्निये तर सांगतो कीं, शहर वसविलें तें राजाच्या ‘नगर’ नांवाच्या लाडक्या बायकोच्या इच्छेवरून, आणि पूर्वीं तेथें राजाच्या बागा होत्या. पण याच टॅव्हर्नियेनें शहर वसविणारास त्या वेळच्या राजाचा पणजा म्हटलें आहे. वस्तुतः महंमद कुली हा अब्दुल्ला कुत्बशहाचा आईचा बाप, म्हणजे आजा होता. नगर हा शब्द गांववाचक असून त्याची त्यानें बायको केली! अशा माणसाच्या व्युत्पत्तीवर भार टाकण्यांत अर्थ नाहीं. शिवाय फ्रेंच कानास ‘भ’ आणि ‘ब’ यांतील भेद कळत नाहीं, म्हणून त्यांचें लेखन या वादांत कोणत्याच पक्षाच्या उपयोगाचें नाहीं.

ज्यांस हा भेद कळतो, ज्यांची लिपि तो दाखविते, आणि ज्यांस या नांवाशीं कांहीं देणेंघेणें नव्हतें, असे साक्षीदार म्हणजे मराठी लेखक. शिवाजी महाराज १६७७ च्या आरंभीं कुत्बशहाच्या भेटीस गेले, त्या प्रकरणीं सभासद शहराचें नांव ‘भागानगर’ असें देतो. सभासदानें आपली बखर जिंजीस १६९४ च्या सुमारास लिहिली. पुढें संबंध अठराव्या शतकांत पेशव्यांच्या दप्तरांत व निजामाच्या दरबारीं असलेल्या मराठी वकिलांच्या पत्रांत हेंच नांव चालूं आहे. आतां ‘बाग’ हा शब्द मराठी लेखकास रोजच्या वापरांतला होता. हिराबाग, सारसबाग हीं नांवें पुण्याच्या माणसाच्या जिभेवरचीं. त्याच्या कानावर ‘बागनगर’ पडतें तर तें तसेंच लिहिण्यास त्यास कोणतीही अडचण नव्हती. मोडींत ‘ब’ व ‘भ’ हीं अक्षरें निराळीं आहेत. तरीही तो ‘भ’च लिहितो. तेव्हां सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तरी लोकांच्या तोंडचें नांव ‘भागा’नें आरंभ होणारें होतें, ‘बागे’नें नव्हे, एवढें या कागदांवरून निश्चित होतें.

परंतु या पुराव्याची मर्यादाही लगेच सांगितली पाहिजे. नाहीं तर ज्या दोषाबद्दल आम्हीं दुसऱ्यांस बोल लावला तो आमच्याच माथीं येईल. मराठी कागद उच्चार सिद्ध करतात, व्युत्पत्ति सिद्ध करीत नाहींत. नांव भागनगर होतें म्हणून तें भागमतीवरूनच पडलें असें होत नाहीं. ‘भाग्य’ या अर्थानेंही तें पडूं शकतें. महंमद कुलीच्या शहरास फारसींत ‘फर्खुंदा बुनियाद’, म्हणजे शुभ पायाचें, असें म्हणत, हें या ठिकाणीं आठवतें. मराठी कागद ‘बागनगर’ हा पक्ष दुबळा करतात. भागमतीस तख्तावर बसवीत नाहींत.

(६)

पुलाच्या नांवावरूनही एक युक्तिवाद निघाला आहे. ‘पुराना’ हा शब्द ‘प्याराना’ याचा अपभ्रंश, आणि पूल हा मुळांत प्रेमाचा पूल, असें कित्येक सांगतात. ही व्युत्पत्ति केवळ कानाला लागलेल्या यमकावर उभी आहे. कोणत्याही वस्तूस ‘जुनी’ म्हणतात तें तिच्याजवळ नवी आल्यावर. मुसीवर १८३१ सालीं कर्नल ऑलिफंट यानें चादरघाटचा पूल बांधला. पुढें अफजलुद्दौल्याच्या कारकीर्दींत अफजलगंजाजवळ पूल झाला, त्यास लोक आजही ‘नया पूल’ म्हणतात. ‘नया’ शेजारीं आला म्हणून पहिला ‘पुराना’ झाला. पुण्यास दगडाचा पूल होऊन पिढ्या लोटल्या तरी लोक ‘लकडी पूल’च म्हणतात, आणि शिवाजी पुलास ‘नवा पूल’ म्हणण्याची संवयही गेली नाहीं. पुलांचीं नांवें अशींच साधीं पडतात. त्यांत प्रेम शोधण्याची गरज नाहीं.

(७)

मग पूल कशासाठीं बांधला? नदीपलीकडे शहर नव्हतें, मग इतका खर्च कोणासाठीं, असा प्रश्न कथेचे अभिमानी करतात, आणि त्याचें उत्तर त्यांस भागमतींत सांपडतें. परंतु इब्राहीमशहाच्या तीस वर्षांच्या कारकीर्दीकडे (१५५०–१५८०) नजर टाकली तर उत्तर दूर नाहीं. हा सुलतान तख्तावर येण्यापूर्वीं सुमारें सात वर्षें विजयनगरास रामरायाच्या आश्रयाला होता. तेलुगु कवि त्यास ‘मलिकिभराम’ म्हणून गौरवीत. त्याच्या वेळीं गोवळकोंड्याचा तट बळकट झाला, हुसेनसागर तलाव झाला, इब्राहीमपट्टणचा तलाव झाला. १५६५ च्या जानेवारींत राक्षसतागडीच्या लढाईनें दक्षिणेचें भय गेलें, आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत राजमहेंद्री, कोंडवीडू या पूर्वेकडील मुलखावर त्याचा अंमल बसला. गोवळकोंडा किल्ला मुसीच्या उत्तरेस. मच्छलीपट्टण बंदराची वाट नदी ओलांडून दक्षिण तीरानें हयातनगरावरून पूर्वेस जाणारी. किल्ल्यापासून पुलापर्यंतच्या वस्तीस ‘कारवान’ नांव आहे, तें व्यापाऱ्यांच्या तांड्यांवरून. बंदर, नवा मुलूख, लष्कर, आणि व्यापार हीं चार कारणें एका पुलास पुरेशीं आहेत. याच सुमारास, १५६० नंतरच्या दशकांत, जौनपुरास मुनीमखानानें गोमतीवर मोठा पूल बांधला; तेथें कोणा नर्तकीचा शोध कोणी केला नाहीं.

किंबहुना कथेनें कार्यकारण उलटें केलें आहे. शहराकडे जाण्यासाठीं पूल झाला नाहीं. पूल झाला म्हणून शहर पलीकडे गेलें. किल्ल्यांत वस्ती मावेना, पाणी पुरेना, तेव्हां पुढच्या सुलतानास नवी जागा पाहिजे झाली. ती जेथें बारमाही वाट आधींच होती तेथें मिळाली. टॅव्हर्नियेनें या पुलाची बरोबरी पॅरिसच्या पों नफशीं केली आहे. व्युत्पत्तींत तो फसला तरी डोळ्यांनीं पाहिलेल्या वस्तूविषयीं त्याची साक्ष घेण्यास हरकत नाहीं.

पुलाच्या दगडांकडे पाहून काल ठरविणारांसही एक इशारा द्यावयाचा आहे. १८२० च्या सुमारास पुरानें झालेली मोडतोड सिकंदरजहाच्या वेळीं दुरुस्त झाली. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसीला जो भयंकर पूर आला त्यांत सुमारें १५,००० माणसें दगावलीं असें सांगतात. नवे पूल त्या पुरांत मोडले, हा जुना उभा राहिला; तथापि त्यासही इजा पोंचून पुढें तो दुरुस्त करावा लागला. तेव्हां आज जें दिसतें तें सगळें १५७८ चें नव्हे. कमानींच्या संख्येंत जो २२ व २३ असा फरक ग्रंथांत पडतो तो देखील पुस्तकावरून पुस्तक उतरविल्यानें मिटणार नाहीं. जागेवर जाऊन मोजल्यानें मिटेल.

(८)

निर्णय असा : पुलाचा व भागमतीचा संबंध कालाच्या कसोटीवर खोटा ठरतो. भागमतीचें अस्तित्व संभवनीय, पण तिचें राणीपद असिद्ध. शहराच्या नांवांत ‘भाग’ हा उच्चार जुना, पण त्याचें मूळ अनिश्चित.

ही सगळी चिकित्सा एका गोड गोष्टीसाठीं कशाला, असें कोणी विचारील. तिचीं दोन कारणें आहेत. एक, शहराच्या नांवाचा प्रश्न आतां केवळ पंडितांचा राहिला नाहीं. एका पक्षास भागमती हवी आहे व दुसऱ्यास ती नको आहे, आणि ज्यास जें हवें तें त्यास कागदांत दिसूं लागतें. अशा वेळीं ‘हिचें चित्र’, ‘हिच्या हातचें पत्र’ म्हणून वस्तु बाजारांत येऊं लागतात. संग्राहकांनीं त्या घेण्यापूर्वीं वरील कालक्रम समोर ठेवावा. दुसरें कारण न्यायाचें आहे. ज्या सुलतानानें तलाव खणले, तट बांधले, आणि पुढच्या राजधानीची वाट आधींच घालून ठेवली, त्याचें सर्वांत मोठें काम कथेनें त्याच्या हातून काढून घेऊन एका पोराच्या हट्टाच्या नांवें खर्ची टाकलें आहे. चारशेंहून अधिक वर्षांनंतर तरी तें मूळ धन्याच्या खातीं जमा करावें.

आपल्या घरींही अशीच कथा आहे. पुण्याचा लकडी पूल पानिपताहून परतलेल्या लोकांस तोंड लपवून शहरांत येतां यावें म्हणून नानासाहेबांनीं घाईनें बांधविला, असें सांगतात. पानिपत झालें १४ जानेवारी १७६१ रोजीं. नानासाहेब पर्वतीवर वारले २३ जून १७६१ रोजीं. मधले महिने मुठेस पाणी नसण्याचे. ज्यास तोंड लपवावयाचें त्यास उन्हाळ्यांतील कोरडी नदी रात्रीं उतरणें सोपें कीं नव्या पुलावरून सर्वांच्या देखत चालत येणें, हा विचार त्या कथेच्या सांगणारांनीं केलेला दिसत नाहीं. दुसऱ्याच्या पुलाची परीक्षा केली तशी आपल्याही पुलाची झाली पाहिजे. त्याचप्रमाणें, महाराज १६७७ सालीं भागानगरास गेले एवढ्यावरून ‘महाराज याच पुलावरून गेले’ असें लिहिण्याचा मोहही आंवरावा. त्या सालीं पूल नव्याण्णव वर्षांचा होता एवढेंच म्हणतां येतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. ज्यांच्याजवळ सतराव्या शतकांतील मोडी कागद आहेत त्यांनीं रुमाल सोडून या शहराचें नांव कसें लिहिलें आहे तें पाहावें, आणि मिति, लिहिणाराचें ठिकाण व मूळ अक्षरांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. १६७७ पूर्वींचा एखादा अस्सल कागद, मग तो हुंडी असो कीं तांड्याचा परवाना, या वादांत सर्व कथांहून अधिक बोलेल.